बोटं आधीच जांभळी झाली होती

वाचक ताईंचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"डॉक्टर, माझा धाकटा भाऊ ३३ वर्षांचा, चांगला धडधाकट. पाच महिन्यांपूर्वी त्याच्या पोटरीला पत्रा लागून खरचटलं. दोन दिवसांनी ताप भरला, उलट्या झाल्या. जखम एवढीशी, पण पाय असा ठणकायला लागला की त्याला चादरसुद्धा सहन होईना. तिसऱ्या रात्री तो असंबद्ध बोलू लागला, अंग उन्हात भाजल्यासारखं लाल झालं. आयसीयूत नेलं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे टॉक्सिक शॉक झालाय म्हणाले. रात्रीच पोटरीचं ऑपरेशन करून सडलेला भाग काढला. बीपीची तीन औषधं चालू होती तरी बीपी लागत नव्हतं. पहाटे मी त्याचा हात धरला तेव्हा बोटं गार आणि जांभळी होती, पायाचीही. डॉक्टर म्हणाले, हृदय जेमतेम १५ टक्के चालतंय, एक्मो मशीन (शरीराबाहेरून हृदय-फुप्फुसाचं काम करणारं) लावून बघू शकतो, पण खात्री देता येत नाही. वडील नाहीत, आई बोलण्याच्या स्थितीत नव्हती. सही मी केली. सहा दिवस तो मशीनवर होता. वाचला. पण नंतर डाव्या पायाची दोन बोटं आणि उजव्या पायाचं एक बोट काढावं लागलं. मशीनच्या दोन्ही नळ्या उजव्या जांघेत होत्या. आई म्हणते, मशीननं माझ्या लेकराचे पाय खाल्ले, तू सही केली नसतीस तर तो धड राहिला असता. मामा म्हणतात, ते दोन-तीन दिवस तो जिवंत नव्हताच, नुसतं मशीन चालू होतं. बीपीची रेघ सपाट झालेली मीही पाहिली होती. भावाला यातलं काही आठवत नाही. रात्री दचकून उठतो, मला बांधून ठेवलं होतं म्हणतो, छतातून पाणी गळत होतं म्हणतो. माझं चुकलं का? असं परत होईल का? त्याला सगळं सांगू का?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आईच्या आरोपाचं बरंचसं उत्तर तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि त्यावर न थांबता पुढे गेला आहात. पहाटे तुम्ही त्याचा हात धरला तेव्हा बोटं गार आणि जांभळी होती, पायाचीही. सही त्यानंतरची, मशीन त्याच्याही नंतरचं.

बोटं अशी का पडतात ते सांगते. शॉकमध्ये शरीरभर पुरेल इतकं रक्त फिरत नाही. मग मेंदू आणि हृदय जगवण्यासाठी शरीर हातापायांच्या टोकांचा पुरवठा आखडतं. त्यात बीपी टिकवायला आम्ही जी औषधं देतो, नॉरअॅड्रेनालिन आणि त्याच्या जोडीची, ती रक्तवाहिन्या आवळूनच काम करतात. ती दिली नसती तर तुमचा भाऊ त्या रात्रीतून निघाला नसता, पण बोटांना त्यांची झळ लागते. तिसरी गोष्ट म्हणजे या आजारात रक्त गोठण्याची सगळी व्यवस्थाच बिघडते, केसाएवढ्या बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात. हे तिन्ही मार त्याच्या बोटांवर मशीन येण्याआधी काही तास बसत होते. डाव्या पायात तर एकही नळी नव्हती आणि तिथली दोन बोटं गेली. नळीमुळे झालं असतं तर सगळा भार उजव्या पायावर पडला असता.

उजव्या पायाच्या बोटाबद्दल मात्र पूर्ण खात्रीनं बोलणं बरोबर नाही. जांघेतल्या धमनीत जाड नळी घातली की त्या पायाकडे जाणारं रक्त अडू शकतं. हा एक्मोचा माहीत असलेला धोका आहे. म्हणूनच बहुतेक ठिकाणी त्याच धमनीत खालच्या दिशेनं आणखी एक बारीक नळी सोडतात, फक्त पायाला रक्त मिळावं म्हणून. तुमच्या भावाला ती होती का, हे डॉक्टरांना विचारा. आयसीयूतल्या नर्सेस दर तासाला पायाचा रंग, ऊब आणि नाडी लिहून ठेवतात. ते कागद मागून बघण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बोटं काळवंडल्याची पहिली नोंद किती वाजताची आहे ते त्यात सापडेल.

आता त्या आजाराकडे येते, कारण तो नीट समजल्याशिवाय सहीचा प्रश्न सुटणार नाही.

'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हे नाव १९७८ साली जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मुलांच्या आजाराचं वर्णन करताना दिलं. त्या मुलांचा जंतू स्टॅफिलोकोकस होता. तुमच्या भावाचा स्ट्रेप्टोकोकस, दोघांत जास्त घातक तोच. पण युक्ती एकच. हे जंतू असं विष सोडतात जे आपल्या प्रतिकारशक्तीला फसवतं. एरवी एखादा जंतू शिरला की त्याला ओळखणाऱ्या मोजक्याच पेशी जाग्या होतात, दहा हजारांत एखादी. हे विष ओळख पटवायची पायरीच वगळतं आणि शंभरातल्या वीस-तीस पेशी एकदम उठवतं. त्या एवढी रसायनं ओततात की रक्तवाहिन्या सैल पडतात, पाझरायला लागतात, बीपी कोसळतं. जखम लहान आणि माणूस मरणाच्या दारात, हे कोडं तुम्हाला पडलं असेल. त्याचं कारण हे. जंतू पोटरीत होते, विष सगळीकडे होतं.

काही जणांत त्या रसायनांच्या माऱ्यानं हृदयाचा स्नायूसुद्धा लुळा पडतो. 'पंधरा टक्के' ऐकून तुम्ही हबकला असाल, ते साहजिक आहे. पण हा आकडा शंभरपैकी नसतो. निरोगी हृदयदेखील दर ठोक्याला आतलं साठ टक्क्यांच्या आसपासच रक्त बाहेर फेकतं. साठाच्या जागी पंधरा, म्हणजे चौथा हिस्सा. फार कमी, यात वाद नाही. मात्र इथली एक गोष्ट हार्ट ॲटॅकपेक्षा वेगळी आहे. हार्ट ॲटॅकमध्ये स्नायू मरतो. यात तो बहुतेक वेळा बधिर होतो, आणि माणूस तेवढे दिवस जगला तर साधारण सात ते दहा दिवसांत सावरतो.

प्रश्न असतो तो ते दिवस काढायचे कसे, याचा.

एक्मोनं तुमच्या भावाचा आजार बरा केलेला नाही. जंतू मारले पेनिसिलिननं. विष बनणं थांबवलं ते बहुतेक क्लिंडामायसिननं, कारण ते जंतूची प्रथिनं तयार करण्याची यंत्रणाच बंद पाडतं. आणि सर्वांत मोठं काम त्या रात्री पोटरीवर सुरी चालवणाऱ्या सर्जननं केलं. आयसीयूत नेल्याबरोबर त्याच रात्री ते ऑपरेशन झालं, म्हणून पुढच्या सगळ्याला अर्थ आला. मशीननं फक्त हृदयाचं ओझं उचललं. जांघेतल्या मोठ्या शिरेतून काळपट रक्त बाहेर काढायचं, पंपानं ते पोकळ तंतूंच्या जुडग्यामधून न्यायचं, तिथे कार्बन डायऑक्साइड काढून ऑक्सिजन भरायचा आणि लालभडक रक्त धमनीत परत सोडायचं. मोठ्या माणसात मिनिटाला चार-पाच लिटर, म्हणजे शरीरातलं जवळजवळ सगळं रक्त दर मिनिटाला एकदा बाहेर जाऊन आत येतं. पलंगाच्या कडेनं गेलेल्या दोन नळ्या तुम्हाला आठवत असतील, एक जांभळट, दुसरी लाल. त्या दोन रंगांत फरक दिसत होता याचा अर्थ मशीन आपलं काम करत होतं. ते तंतू ज्या डब्यात असतात त्यात कुणीतरी टॉर्च घेऊन डोकावतानाही तुम्ही पाहिलं असेल. गुठळी धरलीय का ते तसं शोधतात.

मामांचं म्हणणं मनातून काढून टाका. बीपीची रेघ सपाट झाली कारण तो पंप ठोके देत नाही. नळाच्या धारेसारखं सलग रक्त ढकलतो. लाट उठते ती हृदयाच्या ठोक्यानं, आणि त्याचं हृदय तेव्हा लाट उठवण्याइतकं जोर करत नव्हतं. त्याच पडद्यावर वर ईसीजीची रेघ चालू होती, ती सपाट नव्हती. मेंदूला, मूत्रपिंडांना, यकृताला रक्त जात होतं. १९५३ साली जॉन गिबन यांनी पहिल्यांदा हृदय-फुप्फुसाचं यंत्र लावून हृदयाचं ऑपरेशन यशस्वी केलं. तेव्हापासून आजवर ज्यांची हृदयं टेबलावर मुद्दाम थांबवली गेली, त्या रुग्णांना त्या वेळी मृत कुणी म्हणत नाही. तिथे हे काही तास चालतं. तेच तत्त्व दिवसांवर नेता येतं, हे १९७१ मध्ये दिसलं. अपघातात जखमी झालेला २४ वर्षांचा एक तरुण ७५ तास अशा यंत्रावर राहून वाचला.

त्या सपाट रेघेबद्दल आणखी एक. मी आयसीयूत असताना अशा रुग्णाजवळ आम्ही दिवसातून कितीतरी वेळा नुसते तिच्याकडे बघत उभे राहायचो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कधीतरी तिच्यावर बारीक उंचवटे येतात. आधी वाटतं भास झाला. तासाभरात ते मोठे होतात. हृदय स्वतःहून रक्त फेकू लागलेलं असतं. तुमच्या पत्रातल्या 'दोन-तीन दिवसां'चा शेवट तिथेच झाला असणार. त्याच्याशेजारी बसणाऱ्या नर्सनी तो क्षण नक्की पाहिलाय.

आता सही. तुमचं चुकलं नाही. तुमचं मन राखायला म्हणत नाहीये, म्हणून कारणंही सांगते.

सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे संसर्गामुळे बीपी असं कोसळतं तेव्हा, प्रत्येकालाच हे मशीन लावत नाहीत. हृदय चांगलं चालतंय आणि फक्त वाहिन्या सैल पडल्यात, अशा मोठ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला असेल, किंवा आधीपासून बरा न होणारा आजार असेल, तर डॉक्टर नाही म्हणतात आणि ते बरोबर असतं. ज्यांचं हृदयच बसलंय अशांची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. सेप्टिक शॉक आणि हृदय अत्यंत कमजोर, अशा ८२ जणांना हे मशीन लावलं होतं, त्यांची तुलना मशीन न लावलेल्या १३० जणांशी केली. ९० दिवसांनी मशीनवाल्यांतले ६० टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले २५ टक्के. चिठ्ठ्या टाकून केलेली विभागणी नव्हती ती, जुन्या नोंदींवरून केलेली तुलना होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द मानू नये. पण फरक लहान नाही. तुमचा भाऊ तरुण, आधी निरोगी, जंतू माहीत असलेला, सडका भाग काढून झालेला, हृदय पंधरावर. त्या पहाटे तुमच्या जागी मी असते तर मीही सही केली असती, माझ्या भावासाठी.

'धड राहिला असता' असं आई म्हणते. तीन औषधांवर बीपी लागत नसताना, हृदय पंधरावर असताना, धड राहण्याचा पर्याय त्या खोलीत कुणाच्याच हातात नव्हता. तुमच्यासमोर एका बाजूला मशीन होतं आणि दुसऱ्या बाजूला त्याचं जाणं.

इथे मला त्या वाचकांशीही बोलायचंय ज्यांनी अशीच सही केली आणि ज्यांचं माणूस घरी आलं नाही. हे मशीन लावल्यावरही खूप जण जातात. रक्त पातळ ठेवावं लागतं म्हणून रक्तस्राव होतो, मेंदूत गुठळी जाते, दुसरा संसर्ग होतो, किंवा हृदय उठतच नाही. तुमची सही त्यामुळे चुकीची ठरत नाही. तेव्हा जेवढं माहीत होतं, तेवढ्यावर तुम्ही त्याला दिवस मिळवून दिले.

परत होईल का? स्ट्रेप्टोकोकसमुळे झालेला टॉक्सिक शॉक त्याच माणसाला पुन्हा होणं दुर्मीळ आहे. स्टॅफिलोकोकसच्या बाबतीत मात्र पुन्हा होऊ शकतो, कारण काहींच्या शरीरात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं तयारच होत नाहीत. ज्या बायकांना तो पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कपमुळे झालाय, त्यांनी ते पुन्हा वापरू नयेत. भावाला घाबरून घरात बसवू नका. जखम झाली तर वाहत्या पाण्यानं स्वच्छ धुवायची, झाकायची, आणि एका गोष्टीवर नजर ठेवायची: दिसणाऱ्या जखमेच्या मानानं दुखणं फार जास्त आहे का. चादर सहन होत नव्हती असं तुम्ही लिहिलंय, तेच ते. त्यासोबत ताप, उलट्या, चक्कर, बरळणं किंवा अंगावर लाली दिसली तर सकाळपर्यंत थांबू नका. दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच बोलायचं, 'याला आधी टॉक्सिक शॉक झालेला आहे.'

भावाला सगळं सांगा. बांधून ठेवल्याचं आणि छत गळत असल्याचं तो म्हणतो, ते वेड नाही. झोपेची औषधं, ताप, दिवसरात्र जळणारे दिवे आणि आजाराचा मेंदूवर झालेला परिणाम यांतून अशी स्वप्नं पडतात आणि ती खऱ्या आठवणींपेक्षा घट्ट बसतात. त्यांना बऱ्याचदा खऱ्याचा धागा असतो. मशीनच्या नळ्या ओढल्या जाऊ नयेत म्हणून हात मऊ पट्ट्यांनी अडकवतात. सलाईनचा पंप टिकटिकतो, कुठे पाण्याचा आवाज येतो. त्याला वाटतं ते खोटं आहे असं म्हणू नका. त्या वेळी खोलीत काय होतं ते सांगा, जुळवाजुळव तो स्वतः करेल. तारखेप्रमाणे एका वहीत लिहा: या दिवशी ऑपरेशन, या दिवशी मशीन, या दिवशी तू डोळे उघडलेस. एका बैठकीत सगळं ओतू नका. फोटो काढले असतील तर आधी विचारा, बघायचेत का. नको म्हणाला तर वर्षभर ठेवून द्या. दचकणं कमी होत नसेल, तो झोप टाळत असेल किंवा चिडचिड वाढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आयसीयूतून परतलेल्यांत हे इतकं नेहमीचं आहे की त्याला स्वतःचं वैद्यकीय नाव आहे.

अंगाचंही थोडं. उजवा पाय दुसऱ्यापेक्षा सुजतोय का ते बघत राहा. नळी असलेल्या शिरेत नंतर गुठळी राहू शकते. केस गळले असतील तर घाबरू नका, मोठ्या आजारानंतर दोन-तीन महिन्यांनी ते गळतात आणि परत येतात. पत्रात लिहिलं नाही तुम्ही, पण गेलेल्यांत अंगठा आहे का? अंगठा गेला असेल तर चालण्याचा तोल बदलतो. फिजिओथेरपिस्टकडून बुटात बसणारा आधार करून घ्या, नाहीतर पुढे गुडघा आणि कंबर धरते. हृदयाचा इको अजून पुन्हा झाला नसेल तर करून घ्या. बहुधा तो आकडा बघून तुम्हाला बरं वाटेल.

आईला हे पत्र वाचून दाखवू नका. तुमच्या बाजूचं कागदपत्र आणलंय असं वाटेल तिला. तिला पुढच्या तपासणीला सोबत न्या आणि तिच्यासमोर डॉक्टरांना एवढंच विचारा, 'याची बोटं कधी काळवंडायला लागली?' उत्तर त्यांना देऊ द्या. तिनं त्या रात्री काहीच ठरवलं नाही, ठरवू शकली नाही, आणि तिच्या रागात मला ते बोचणं दिसतंय. तुम्ही एकट्यानं केलेली गोष्ट तिलाही करायची होती. तसं तिला एकदा म्हणून बघा, की 'आई, तू बोलण्याच्या स्थितीत असतीस तर मी सही तुला विचारूनच केली असती.'

आणि जमलं तर भावाला घेऊन एकदा त्या आयसीयूत जाऊन या. बऱ्याच ठिकाणी परवानगी देतात. त्याला त्याचा पलंग बघू दे, पंपाचा आवाज ऐकू दे, ते छत बघू दे. सकाळचा राउंड संपल्यावरची वेळ बरी असते. त्याच्याजवळ बसणाऱ्या नर्सची ड्यूटी कधी आहे ते आधी फोन करून विचारा.